ढग हाकायचे तास

९ सप्टेंबर

दोनशे सहा तास वीस मिनिटं. आज पुन्हा लॉगबुक उघडून बेरीज केली, जशी काही कपाटात पडून वाढणार होती! शेवटची नोंद मार्चमधली. सहा महिने मी जमिनीवर. पायलटचं लायसन्स आहे, पांढरा गणवेश आहे, खांद्यावरच्या पट्ट्या आहेत. फक्त विमान नाही. मोठ्या कंपन्या म्हणतात, आधी उड्डाणाचे तास आणा. कुठून आणू? दिंडोरीच्या बाजारात भाजीबरोबर मिळतात का?

दुपारी शेजारच्या नाथाकाकांकडे पितराचं जेवण होतं. त्यांच्या एका पाहुण्याने विचारलं, "इमान चालवायला उभं ऱ्हावं लागतं का बसून?" म्हटलं, बसून. "मग बरंय. पोरीच्या जातीला झेपंल." मी खीर तशीच टाकून उठले. आई रागावली. रागावू दे.

११ सप्टेंबर

शुभांगी मॅडमचा फोन आला. मी जिथं उडायला शिकले तिथल्या त्या चीफ इन्स्ट्रक्टर. म्हणाल्या, "इन्स्ट्रक्टरचा कोर्स कर आणि इथंच शिकव. विद्यार्थी उडवेल, तू शेजारी बसशील, पण तास तुझ्या नावावर लागतील."

म्हणजे पुन्हा विदर्भातलं ते भाजून काढणारं गाव. पुन्हा तीच धावपट्टी, तीच मेस, तीच वांग्याची भाजी. नवशिकी पोरं विमान आपटणार आणि मी मणका धरून बसणार. दोन-अडीच वर्षं! तोवर मी सत्तावीसची होईन आणि आत्याने आणलेली सगळी स्थळं बाप झालेली असतील. (हा एक फायदाच म्हणायचा.)

शाहनवाजला सांगितलं. तो माझ्याच बॅचचा, मालेगावचा, घरी यंत्रमाग. त्याचीही गाडी माझ्यासारखीच अडलेली. तो म्हणाला, "मास्तर बनना था तो बी.एड. करते ना, तेजस्विनी!" हसले. पण झोंबलं.

मला शिकवायचं नाही. मला उडवायचंय. एवढं साधं आहे ते.

१४ सप्टेंबर

आज दादांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या बापाने, कमाल केली.

आधी गावातली भानगड लिहून ठेवते. मागच्या ऑक्टोबरात आमच्या द्राक्षबागा ऐन फुलोऱ्यात होत्या आणि पाऊस झोडपून गेला. निफाडकडे मात्र थेंब नाही. झालं! तिकडच्या बागायतदारांनी विमान लावून ढग इकडे हाकलले, हे गावात पक्कं बसलंय. ते विमान सगळ्यांनी पाहिलंय. एकाने पांढरं पाहिलं, एकाने लाल, आणि चिमाजी आबांनी तर पायलटला हातसुद्धा केला.

तर यंदा आपल्या गावानंही विमान लावायचं! फुलोऱ्याचे पंचवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ बागांवर घिरट्या. कोण एक कॅप्टन शेखर आहेत, त्यांच्याकडे छोटं सेसना विमान आहे. दादा चहा ओतता ओतता म्हणाले, "आन पायलट तू. नव्वद तास व्हतेत म्हणं."

नव्वद!

खरं लिहिते, कारण इथं कुणी वाचत नाही. आधी नुसता आनंद झाला. मग मेंदू जागा झाला. म्हटलं, "दादा, विमानाने ढग हलत नाहीत हो."

"तुला काय करायचंय? तू उडव."

मला हे समजतच नाही. हा माणूस पानाचे देठ लॅबला तपासायला पाठवल्याशिवाय खताची गोणी फोडत नाही. औषधाच्या दुकानदाराने काही सांगितलं तर आधी एका ओळीवर मारून बघतो. आणि विमानाने ढग पळतात यावर विश्वास! वय झालं की डोकं असं चालतं का? सत्तावन्न म्हणजे काही वय नाही.

१५ सप्टेंबर

नव्वद अधिक दोनशे सहा. दिवसभर हेच. मी एवढी हावरट आहे हे मला माहीत नव्हतं.

१७ सप्टेंबर

नाशिकला जाऊन आले. कॉलेज रोडला एका हॉटेलात कॅप्टन शेखरना भेटले. शाहनवाजही आला होता, कारण विमान दिवसभर एकटीनं उडवायचं नाही. माझे नव्वद सोडून त्याला वेगळे पन्नास तास द्यायचं ठरलंय. त्याचा चेहरा काय फुलला होता! सहा महिन्यांत पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घातलेला पाहिला.

शेखर गोड बोलतात. इतके गोड की चहात साखर नको. "हे बघ, विमान खरं, इंधन खरं, तास खरे. मग खोटं काय?"

"ढग," मी म्हटलं.

"ढगांशी आपला करारच नाही. कागदावर लिहायचं, द्राक्षबागांची हवाई पाहणी. लोकांना काय समजायचं ते लोक समजतील." मग वाकून म्हणाले, "आणि गावचीच मुलगी पायलट असली की कुणी प्रश्न विचारत नाही."

म्हणजे मी पायलट म्हणून नको आहे. गावची म्हणून हवी आहे. तोंड बंद करायला!

बाहेर आल्यावर शाहनवाज म्हणाला, "तू नको विचार करू. तास काय झाडाला लागतात?" मी "बघते" म्हणाले.

हीच माती खाल्ली. आमच्या गावात "बघते" म्हणजे हो. घरी पोचेपर्यंत दादांनी चार जणांना सांगूनही टाकलं होतं.

१८ सप्टेंबर

दुधाच्या डेअरीवर चिमाजी आबांनी मला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा! मी बसले. बसायला नको होतं.

२० सप्टेंबर

छाटणीसाठी सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी ऑगस्टअखेरपासून इथंच आहे, आता शेवटच्या ओळी उरल्यात. दरवर्षी हीच माणसं येतात, म्हणून भागीबाई मला फ्रॉकात असल्यापासून ओळखते. आज बागेत चहा घेऊन गेले तर तिनं कात्री खाली ठेवली आणि पदराने हात पुसले.

"ताई, तू ढग लोटणार हायेस ना? तं कुठं लोटणार?"

मला वाटलं चेष्टा करतेय. नव्हती करत.

"आमचा भात निसवतोय, लोंब्या येतायत. अजून दोन पाणी पायजेत त्याला. तुमाला नको तं आमच्याकडं लोट ना. सुरगाण्याच्या अंगाला. तुला वरून दिसंलच."

ओळीतल्या सगळ्या बायका थांबल्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. एकीनं तर पाड्याची खूणही सांगितली, टेकडीवर पांढरी टाकी आहे म्हणे.

मी म्हटलं, "मावशी, ढग कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. विमानानं काही होत नसतं."

"मंग एवढं गाव काय येडं हाय?" भागीबाई म्हणाली.

 चहाची किटली घेऊन परत आले. लाज वाटली. अजून वाटतेय. ती बाई माझ्यावर विश्वास ठेवून पाऊस मागत होती आणि मी मनात तासांची बेरीज करत होते.

२२ सप्टेंबर

घट बसले. आणि मी तोंड उघडलं. म्हटलं, दादा, मी उडवणार नाही.

दादांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाले, "आता नाय म्हणती? हात दाखवून अवलक्षण! लोकं काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"तुझं काय जातंय त्यात?"

"माझं नाव जातं!"

"नाव तासानं व्हतं," दादा म्हणाले. कधी न चढणारा आवाज चढला. "घरात बसून नाय व्हत. हात इसरतो, तेजू. वर्षभर कात्री धरली नाय तर मी बी इसरंल."

हे वाक्य बरोबर लागलं. कारण रोज सकाळी डोळे मिटून मी पलंगावर बसते आणि विमानातली बटणं आठवते. इंधन, मिक्श्चर, मॅग्नेटो. काल एक क्षण मॅग्नेटोची, म्हणजे इंजिन सुरू करायची, चावी कुठल्या हाताला ते आठवेना. उठून जुनी वही काढून बघितलं.

तरीही नाही. मी ओरडले. दादा ओरडले. आई घटापाशी बसून होती, ती म्हणाली, देवीसमोर तरी गप बसा. कुणीच बसलं नाही.

दोनशे सहा तास माझे आहेत. एकेक मिनिट घाम गाळून मिळवलंय. त्यांच्या पुढच्या ओळीत मी गावाची फसवणूक लिहिणार नाही. नाही म्हणजे नाही!

२४ सप्टेंबर

आज सोसायटीच्या गोदामात सभा झाली. विमानावर शिक्का मारायला. साठ-सत्तर माणसं, बायका म्हणजे मी आणि भिंतीवरची सरस्वती. दादांनी मला येऊ नको म्हटलं होतं. गेले.

नाथाकाकांनी विषय काढला तशी मी उठले.  म्हटलं, आपल्या डोक्यावर जो पावसाचा ढग येतो तो कित्येक कोस पसरलेला असतो. सेसना आपल्या पिकअपएवढं, त्यात बसणारी माणसं चार. नदीला पूर आला तर काडीनं ढवळून थांबतो का? निफाडला विमान आलं नव्हतं. पाऊस त्यांच्याकडे पडला नाही, आपल्याकडे पडला, बस्स! त्याला कुणी हाकललं नव्हतं.

कुणी तरी म्हणालं, मग कॅप्टन खोटं बोलतोय का?

तेव्हा मी ते म्हणाले. डोळ्यांपुढे ते गोड बोलणारे शेखर होते. "ज्यानं कुणी हे तुमच्या डोक्यात घातलं, तो एक तर तुम्हाला फसवतोय, नाहीतर त्याला काडीचं कळत नाही."

 मग मागून खुर्ची सरकली. दादा उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"इमान लावायचं मीच घातलं डोक्यात. शेखरला बी मीच शोधला. मला कळलं नाय. पोरगी शिकली हाय, ती म्हणती तेच खरं. माफी करा."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं शेखरच गावात आले असतील.

नाथाकाका म्हणाले, "धोंडीरामभाऊ, तुम्हाला इमानात नाय, बैलगाडीत बसवाय पायजे!" आणि सगळं गोदाम हसलं. त्या हसण्यातच विमान गेलं. कुणी हात वर करायलाही सांगितलं नाही.

वाईट वाटलं दादांचं. पण बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू? आख्ख्या गावापुढे मी एकटी उभी राहिले आणि गावानं ऐकलं! दादांना कळलं नव्हतं, आता कळलं. घरी येऊन त्यांनी नेहमीसारख्या दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले, "बोललीस मात्र चांगलं."

२५ सप्टेंबर

शाहनवाजचा फोन. "तुझं तत्त्व. माझे पन्नास तास." ठेवून दिला.

मी परत लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही. मग मेसेज केला: तुझ्या अम्मीला सांगून बघ, मी लोकांचे पैसे घेऊन ढग लोटतो. निळी खूण झाली. उत्तर नाही.

राग येऊ दे त्याला. त्याच्या जागी मला पण आला असता. पण मी चुकले नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. इन्स्ट्रक्टर कोर्सचा फॉर्म भरला. शुभांगी मॅडम म्हणाल्या, "ये. पण पहिल्या महिन्यात रडायचं नाही."

"मी रडत नाही, मॅडम."

"मग विद्यार्थी रडवतील."

मास्तरकी तर मास्तरकी! तास खरे, काम खरं, आणि शेजारी बसलेलं पोरगं खरोखर काहीतरी शिकेल. शाहनवाजला काय म्हणायचं ते म्हणू दे.

सकाळी दादांनी अवजारं पुजली. छाटणीच्या कात्र्या, ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर. बघते तर पाटावर कात्र्यांच्या मधोमध माझा हेडसेट! हळद, कुंकू, झेंडूचं फूल. कपाटातून कधी काढला कोण जाणे.  हेडसेटच्या कानावरच्या गादीवर हळदीचा डाग पडलाय, तो काही आता निघत नाही.

११ ऑक्टोबर

पाऊस झाला.

दुपारी तीनला सुरू झाला आणि दोन तास हटला नाही. बागा नेमक्या फुलोऱ्यात. मी ओट्यावर उभी राहून नुसती बघत होते. मनात एकच, थांब ना रे, आजचा दिवस थांब. मीही ढगाशी बोलत होते म्हणजे. भागीबाईला कुठल्या तोंडानं हसू?

१२ ऑक्टोबर

आता सगळ्यांचं एकच चाललंय: पोरीनं नाही म्हटलं म्हणून झालं. अठरा दिवसांपूर्वी गोदामात हसले होते तेच लोक! डेअरीवर चिमाजी आबांनी पाय लांब करून खुर्ची अडवली. मी उभी राहून दूध घातलं. सावकाश घातलं.

नाथाकाका बांधावर येऊन दादांना म्हणाले, "घे, तुझ्या पोरीच्या शहाणपणाचं फळ." मी ओळीतून तरातरा बाहेर आले. म्हटलं, काका, पाऊस माझ्यामुळे पडला नाही, आणि मी विमानात असते तरी थांबला नसता. तेव्हा मी वरून तुमची बाग भिजताना पाहिली असती आणि त्याचे तास लावून घेतले असते. ते चाललं असतं का तुम्हाला?

काकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. दादांकडे बघत राहिले.

दादा म्हणाले, "नाथा, पाऊस इमानानं थांबतो व्हय रे? चल, औषध मारू आधी. डावणीची बुरशी लागंल." आणि आमची बाग सोडून आधी नाथाकाकांच्या बागेत ब्लोअर घातला.

पटलं तर म्हणजे दादांना! उशिरा का होईना. मला इतकं बरं वाटलं की दिवसभर त्यांच्यामागे पाण्याचे पाइप ओढले. हाताला फोड आलेत. येऊ देत.

१५ ऑक्टोबर

नाथाकाकांच्या बागेत निम्मे घड गळाले. आमच्याकडेही तेच. आई झाडाखालचा सडा बघून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तरीही. तरीही मी उडवलं नसतं. आज हे लिहायला जड जातंय, म्हणूनच लिहून ठेवते.

२३ ऑक्टोबर

शाहनवाजचा मेसेज, महिन्यानंतर: "आपल्या मॅडमना अजून एक मास्तर लागतो का?" एवढंच. मी त्यांचा नवा नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, मेसमध्ये अजून रोज वांगीच असतात. यावेळी लगेच उत्तर आलं. शिवी होती.

२६ ऑक्टोबर

उद्या सकाळची गाडी. बॅग भरताना आईला म्हटलं, या सगळ्यात एक बरं झालं, दादांच्या डोक्यातलं विमानाचं खूळ गेलं.

आई गणवेशाची घडी घालत होती. थांबली. "त्यांच्या डोक्यात कधी व्हतं ते? तुझे तास व्हावेत म्हणून महिनाभर दारोदार फिरून लोकायला पटवलं त्यांनी. मला म्हणले, पोरीला कळू देऊ नको, ती नाय म्हणंल."

फसवतोय, नाहीतर काडीचं कळत नाही. मी गावापुढे दोनच नावं ठेवली होती, लबाडाचं आणि मूर्खाचं, आणि दादांनी उभं राहून मूर्खाचं उचललं. माझ्यासाठी गावाला फसवलं म्हणून संताप येतोय, आणि पाय धरावेसे वाटतायत. दोन्ही एकदम.

बाहेर गेले. दादा नळाखाली फवाऱ्याचे नोझल धूत बसले होते. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?" दादा म्हणाले. वर बघितलं नाही. "जेवून घे. सकाळी लवकर निघायचंय."